नागलीचं शेत आणि नऊ गुंठ्यांचा पिक्सेल

फोनवर नकाशा उघडा, उपग्रहाचं चित्र लावा आणि मोखाड्यावर जा. मग दोन बोटांनी मोठं करत न्या. आधी चुरगळलेलं हिरवट-तपकिरी फडकं दिसतं. मग त्या चुण्यांचे डोंगर होतात, दऱ्यांतून पिंजाळ आणि वैतरणेच्या रेघा निघतात, कुठेतरी कौलांचे चार ठिपके येतात, तो एखादा पाडा. अजून जवळ गेलात की उतारावर फिकट रंगाचे वेडेवाकडे तुकडे दिसू लागतात. ते गवत असेल, उघडा मुरूम असेल, पडीक माळ असेल. किंवा कुणाचं तरी नागलीचं शेत असेल.

यातलं नेमकं काय आहे ते फोनवरून सांगा बरं. अवघड आहे ना? पण २००८ नंतर नेमका हाच प्रश्न देशभरातल्या सरकारी समित्यांसमोर आला, आणि त्याच्या उत्तरावर एखाद्या कुटुंबाची जमीन राहणार की जाणार हे ठरू लागलं. तो प्रश्न चित्रांना विचारण्याआधी ही चित्रं तयार कशी होतात, एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत जाताना त्यांचं काय होतं, हे फार थोड्या लोकांना ठाऊक होतं. मलाही नव्हतं. एका चुकीमुळे कळलं, ती चूक पुढे सांगतो.

आधी शेताबद्दल. जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले डोंगरी तालुके. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची. खाचरात भात, आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई, उडीद, खुरासणी. उन्हाळ्यात पाला-फांद्या-शेण पसरून राब भाजायचा, पाऊस पडला की त्यावर रोप टाकायचं, जुलैत लावणी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. वरकसात एकच पीक दरवर्षी घेत नाहीत. एक वर्ष नागली, पुढे वरई, मग खुरासणी, आणि मग जमीन काही वर्षं मोकळी सोडायची, म्हणजे तिच्यात पुन्हा जीव येतो. शेतात झाडंही असतात, ऐन, मोह, आंबा. राबासाठी त्यांच्याच फांद्या छाटतात. दिवाळी झाली की बरीच माणसं कामाला बाहेर पडतात, वीटभट्ट्यांवर, भिवंडी-वसईकडे.

हे वेळापत्रक लक्षात ठेवा, कारण उपग्रहाचं वेळापत्रक याच्या बरोबर उलटं आहे. साधा कॅमेऱ्यासारखा बघणारा उपग्रह ढगांच्या आरपार बघू शकत नाही. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ढगांची गोधडी असते. नागली हिरवीगार असते ती नेमकी त्या गोधडीखाली. आभाळ स्वच्छ होतं तेव्हा शेत कापून झालेलं असतं, आणि डिसेंबर-जानेवारीच्या सुंदर, डागविरहित चित्रात उरतो तो भुंडा उतार. बाजूच्या गवताळ माळापासून तो वेगळा ओळखायला पायीच जावं लागतं. शिवाय हे उपग्रह सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास वरून जातात. हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला कलता असतो, म्हणून डोंगराची वायव्येकडची बाजू काळपट येते. त्या बाजूला तुमचं शेत असेल तर अजूनच बिकट.

आता इतिहास. अमेरिकेचा पहिला लॅंडसॅट २३ जुलै १९७२ रोजी वर गेला. तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, लॅंडसॅट हे नंतर पडलं. जमिनीची अशी नियमित चित्रं सगळ्या जगाला पहिल्यांदाच मिळू लागली. भारताने १९७४ साली राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था स्थापली आणि १९७९ साली हैदराबादजवळ शादनगरला लॅंडसॅटचे संदेश पकडणारं केंद्र उभं केलं. जव्हारचं संस्थान विलीन होऊन तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. मुकण्यांचं ते महादेव कोळ्यांचं राज्य १९४८ साली मुंबई राज्यात आलं, मग ठाणे जिल्ह्यात राहिलं, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर. एकाच पाड्याचे जुने-नवे कागद अशा तीन नावांखाली असू शकतात. कागदांचे मालक बदलत गेले. आभाळातला डोळा मात्र त्याच उतारावरून पुन्हा पुन्हा जात राहिला.

त्या डोळ्याला किती दिसत होतं? पहिल्या लॅंडसॅटचा एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर सुमारे ७९ मीटर लांब-रुंद होता. आपल्या मापात सांगायचं तर एकसष्ट गुंठे, दीड एकर. एवढ्या जागेतलं भात, नागली, दोन मोहाची झाडं, ओढा आणि पायवाट या सगळ्यांचा मिळून एक आकडा. १९८२ नंतरच्या लॅंडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा, जवळपास नऊ गुंठे. नियमित कामासाठीचा आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये बैकोनूरहून उडाला. त्याचा बारीक कॅमेरा छत्तीस मीटरचा होता. १९९५ च्या आयआरएस-१सीचा रंगीत पिक्सेल साडेतेवीस मीटर, म्हणजे साडेपाच गुंठे. २०१५ पासून युरोपचा सेंटिनेल-२ दहा मीटरचा पिक्सेल देतो. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, आणि ३३ फूट म्हणजे दहा मीटर आणि वर सहा सेंटिमीटर. युरोपातल्या इंजिनिअरांनी नकळत एक पिक्सेल एक गुंठा असं माप बसवून दिलं! सातबारा वाचता येणाऱ्या माणसाला ते चित्र फार लवकर समजतं.

पण नऊ गुंठ्यांचा पिक्सेल म्हणजे नऊ गुंठ्यांचं शेत दिसेल असं नाही. डोंगरातलं शेत चौकोनी नसतं. ते उताराला बिलगून, कंबरपट्ट्यासारखं लांबट जातं. वीस गुंठ्यांचं शेत दहा-बारा मीटर रुंदीचं असेल, तर ३० मीटरचा एकही पिक्सेल पूर्णपणे त्याच्या आत पडत नाही. प्रत्येक पिक्सेल थोडा शेताचा, थोडा झाडोऱ्याचा. आकडा निघतो तो दोघांच्या मधला.

आणि नकाशा करणाऱ्यांनी तर पिक्सेलपेक्षाही मोठी चाळणी लावली होती. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८१ ची. तिचा पहिला अहवाल १९८७ साली आला, १९८१ ते ८३ मधल्या लॅंडसॅट चित्रांवरून. चित्रांच्या छापील प्रती डोळ्यांनी बघून जंगलाच्या कडा काढल्या होत्या, आणि चारशे हेक्टरपेक्षा लहान तुकडा नकाशावर धरलाच नव्हता. चारशे हेक्टर म्हणजे जवळपास हजार एकर. त्यात सगळं शिवारच्या शिवार गडप व्हायचं. २००१ च्या अहवालापर्यंत ही मर्यादा एक हेक्टरवर आली आणि काम डोळ्यांकडून संगणकाकडे गेलं. (याच संस्थेच्या व्याख्येत, एक हेक्टरवर दहा टक्के झाडांची सावली असेल तर ते वनाच्छादन, जमीन कुणाची, झाडं कसली, हे बघितलं जात नाही. म्हणजे आंब्याची बागसुद्धा त्यात मोडू शकते.)

काम संगणकाकडे गेलं म्हणजे काय झालं, ते आता सांगतो.

उपग्रह चित्र पाठवत नाही, आकडे पाठवतो. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल प्रकाशाचा एक आकडा, हिरव्याचा एक, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त प्रकाशाचा एक. जुन्या चित्रांत हे आकडे ० ते २५५ असायचे. हे आकडे टेपवर लिहायच्या दोन-तीन पद्धती होत्या. शाळेच्या निकालासारखं समजा. एक पद्धत अशी की आधी सगळ्या मुलांचे गणिताचे गुण, मग सगळ्यांचे मराठीचे, मग सगळ्यांचे विज्ञानाचे. दुसरी अशी की पहिल्या बाकावरच्या मुलांचे तिन्ही विषय लिहून टाका, मग दुसऱ्या बाकाचे. टेपवर फक्त आकड्यांची लांबलचक माळ असते. ती कोणत्या पद्धतीने ओवली आहे हे सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. कागद हरवला किंवा चुकीचा वाचला, तर मराठीचे गुण गणिताच्या रकान्यात. डोंगराच्या चिरफळ्या होऊन पडद्यावर येतात.

दुसरी गंमत थोडी जुनी आहे. १९५७ साली आयबीएममध्ये जॉन बॅकस आणि त्याच्या गटाने फोरट्रान ही भाषा बाजारात आणली. आकड्यांचा तक्ता मेमरीत ठेवताना फोरट्रान आधी पहिला उभा रकाना ठेवते, मग दुसरा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या क्लीव्ह मोलरने विद्यार्थ्यांना फोरट्रान न शिकता तक्त्यांची गणितं करता यावीत म्हणून मॅटलॅब लिहिलं, तेही फोरट्रानमध्येच. उभ्या रकान्यांची सवय त्यात उतरली. पुढे जॉन ईटनने १९९२ मध्ये ऑक्टेव्ह लिहायला घेतलं. ते मॅटलॅबसारखंच चालतं, पण फुकट. (नावाचा संगीताशी संबंध नाही, ऑक्टेव्ह लेव्हनस्पील हे त्याचे रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक.) ऑक्टेव्हमध्येही उभे रकाने आले. उपग्रहाची कच्ची फाइल मात्र आडव्या ओळींनी लिहिलेली असते, कारण उपग्रह जमीन तशीच झाडत जातो.

मी पहिल्यांदा या भागाची कच्ची फाइल ऑक्टेव्हमध्ये उघडली तेव्हा डोंगर दिसले, दरी दिसली, धरणाचं पाणीही दिसलं. पण काहीतरी खटकत होतं. त्र्यंबकेश्वर मोखाड्याच्या पूर्वेला असायला हवं, ते दक्षिणेला गेलं होतं. समुद्र वरच्या बाजूला होता. ओळी रकाने म्हणून वाचल्या गेल्या होत्या, आणि १९५७ सालच्या एका निर्णयाने माझा मोखाडा आडवा पाडला होता. तक्ता पालटायला एकच खूण पुरते, ऑक्टेव्हमध्ये साधं अवतरण चिन्ह. पण आधी लक्षात तर यायला हवं. समुद्र कुठे आहे हे मला ठाऊक होतं म्हणून लक्षात आलं. नुसती तीन-चार किलोमीटरची चौकट असती, सगळे डोंगरच डोंगर, तर?

मग फाइलीच्या प्रकारांचा प्रश्न. कच्च्या माळेपेक्षा टिफ बरं, कारण त्यात आकड्यांसोबत माहितीही असते. टिफ हा प्रकार १९८६ साली ऑल्डस नावाच्या कंपनीने काढला, तोही स्कॅनरसाठी. उपग्रह त्यांच्या डोक्यात नव्हता. प्रत्येक टिफ फाइलीच्या सुरुवातीला दोन अक्षरांची खूण असते. एक खूण इंटेलच्या पद्धतीची, दुसरी मोटोरोलाच्या. मोठा आकडा दोन घरांत लिहायचा तर आधी लहान भाग की आधी मोठा, यावरून या दोघांत फरक होता. पुढे नेहमी ४२ हा आकडा येतो. वाचणारा प्रोग्राम बघतो, ४२ बरोबर वाचला गेला का? मग पुढे जातो. नव्वदच्या दशकात या टिफमध्ये जमिनीचा पत्ताही भरायची सोय झाली, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश आणि पिक्सेलची लांबी-रुंदी. त्याला जिओटिफ म्हणतात.

इथे एक खड्डा आहे. ऑक्टेव्ह किंवा मॅटलॅबमधली चित्र वाचायची साधी आज्ञा जिओटिफ उघडते, आकडे देते, आणि पत्ता दारातच सोडून येते. तुम्ही आकड्यांवर काहीतरी करून नवी फाइल साठवलीत, की नव्या फाइलीला आपण मोखाड्यात आहोत की मेळघाटात हे माहीत नसतं. पत्ता वेगळा काढून पुन्हा चिकटवावा लागतो. नकाशावाले लोक म्हणूनच जीडीएएल वापरतात, फ्रॅंक वॉर्मरडॅमने १९९८ मध्ये सुरू केलेला फुकट संच. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेताना तो पत्ता सांभाळतो.

आता माझी चूक. झाडोरा मोजायचं एक साधं गणित आहे. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि जवळचा अवरक्त परत फेकतं. म्हणून अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. उत्तर उणे एक ते एक यांच्यात येतं. दाट जंगल सहा-सात दशांशाच्या पुढे, विरळ झुडूप किंवा शेत दोन-तीन दशांशाच्या आसपास, पाणी शून्याखाली. १९७० च्या दशकापासून जगभर हेच वापरतात.

मी हे गणित फाइलीतल्या आकड्यांवर थेट केलं. चित्र आलं ते दोनच रंगांचं. जंगल, आणि जंगल नसलेलं. मधलं काहीच नाही. डोंगरउतार सगळा एकजात शून्य. मला वाटलं किती स्वच्छ निकाल! तो तसाच ठेवणार होतो.

झालं होतं ते असं. फाइलीतले आकडे ० ते २५५ चे पूर्णांक होते, आणि ऑक्टेव्ह पूर्णांकांची वजाबाकी-भागाकार पूर्णांकांतच ठेवतं. समजा उतारावरच्या एका पिक्सेलचा अवरक्त आकडा ९० आणि लाल ६०. वजाबाकी ३०, बेरीज १५०, उत्तर ०.२. पण पूर्णांकाच्या घरात ०.२ बसत नाही, म्हणून त्याचा शून्य होतो. दाट झाडीत समजा ११० आणि ३०. उत्तर ०.५७, त्याचा होतो एक. अर्ध्याच्या वरचं सगळं जंगल, खालचं सगळं काहीच नाही. नागलीचं शेत, वरईचं शेत, सोडलेली वरकस, करवंदीच्या जाळ्या, गवत, खडक, सगळे एकाच शून्यात. गणिताआधी आकडे दशांश चालणाऱ्या प्रकारात नेले असते तर हे झालं नसतं. एका शब्दाचं काम होतं.

पायथॉन वापरणाऱ्यांनी हसू नये. तिथे वेगळा खड्डा आहे. धरणाच्या पाण्याचा अवरक्त आकडा समजा २०, लाल ४०. वजाबाकी उणे २०. ऑक्टेव्ह त्याचा शून्य करतं, तर पायथॉनचा नमपाय संच मीटरच्या काट्यासारखा उलटा फिरून २३६ देतो. साठने भागलं की जवळपास चार. एकच्या वर जाऊच नये असं उत्तर चार आलं, आणि मोखाड्यात कोचाळ्याजवळच्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी सह्याद्रीतल्या कुठल्याही जंगलापेक्षा हिरवं ठरलं! मुंबईला जाणारं ते पाणी एरवी उपग्रहाला सगळ्यात स्वच्छ ओळखू येतं, अवरक्त चित्रात ते काळं कुळकुळीत दिसतं. धरण ओळखायला अडचण कधीच नसते. अडचण असते ती शेजारच्या उतारावर.

अजून एक गोष्ट इथे आठवणीत ठेवण्यासारखी आहे. ३१ मे २००३ रोजी लॅंडसॅट ७ मधला एक आरसा बिघडला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चित्रात तिरक्या पट्ट्या कोऱ्या येऊ लागल्या, चित्राचा बावीस टक्के भाग. मध्यभागी पट्ट्या बारीक, कडांना रुंद. फाइलीत त्या जागी शून्य लिहिलेला असतो. तो शून्य म्हणजे 'माहिती नाही', पण ते फक्त माणसाला कळतं. दशांशात गणित केलं तर शून्य भागिले शून्य होऊन ऑक्टेव्ह 'हा आकडाच नाही' असा शेरा देतं, म्हणजे निदान प्रामाणिकपणे हात वर करतं. पूर्णांकात केलं तर उत्तर शून्य. झाडोरा नाही, पीक नाही, माणूस नाही. १९८४ सालचा म्हातारा लॅंडसॅट ५ तेव्हा जुन्या बैलासारखा चालूच होता आणि आपलेही उपग्रह होते, त्यामुळे सगळा अंधार नव्हता. पण २००३ नंतरचं लॅंडसॅट ७ चं चित्र कुणी पुढे ठेवलं, तर त्या पट्ट्या कशा भरल्या हे विचारायलाच हवं.

आणि शेवटचं रूपांतर, जे आपण सगळे रोज करतो. मूळ फाइल शेकडो एमबीची, म्हणून जेपीजी करा आणि पाठवा. १९९२ सालचं जेपीजी चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीकसारीक फरक, डोळ्यांना जाणवणार नाहीत इतपत, फेकून देतं. वाढदिवसाच्या फोटोला काही बिघडत नाही. पण ३० मीटरच्या पिक्सेलचे आठ म्हणजे २४० मीटर. असा एक चौकोन पावणेसहा हेक्टरचा होतो, चौदा एकर. वनहक्क कायद्याखाली एका कुटुंबाला शेतजमिनीचा हक्क जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत मिळतो. म्हणजे जास्तीत जास्त दावाही जेपीजीच्या एका चौकोनात सहज मावतो, आणि चौकोनाच्या आतलंच तर ते घासून टाकतं.

हा कायदा २००६ सालचा, अमलात आला ३१ डिसेंबर २००७ पासून. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला तिचा हक्क मागता येतो. जव्हार-मोखाड्यासारख्या भागात याचा अर्थ मोठा होता. एकसाली प्लॉट, दंडाच्या पावत्या, आणि कुठेच नोंद नसलेली आजोबांपासूनची वहिवाट, असं सगळं पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत मांडायची सोय झाली. दावा आधी ग्रामसभेत, तिच्या वनहक्क समितीकडे. मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. पुरावे कोणते चालतील याची यादी नियमांतच आहे. त्यात जुने सरकारी कागद आहेत, बांध आणि विहिरींसारख्या जमिनीवरच्या खुणा आहेत, उपग्रहाची चित्रं आहेत, आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वयोवृद्धाचा लिहून घेतलेला जबाबसुद्धा आहे.

शेजारच्या गुजरातेत पुढे काय झालं ते बघा. तिथे दावे फेटाळताना उपग्रहाच्या चित्रांवर भर दिला गेला. २००५ च्या चित्रात शेत दिसत नाही, म्हणून शेत नव्हतं. आर्च नावाची संस्था गुजरात उच्च न्यायालयात गेली. दरम्यान सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्राने नियम दुरुस्त केले आणि स्पष्ट लिहिलं की उपग्रहाची चित्रं इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येतील, त्यांच्या जागी नाही. मे २०१३ मध्ये उच्च न्यायालयानेही तेच धरलं: केवळ चित्राच्या आधाराने दावा नाकारता येणार नाही, फेटाळलेले दावे पुन्हा तपासा. त्या खटल्यात पूर्णांक-दशांशाची चर्चा झाली नाही, व्हायची गरजही नव्हती. डोंगरातलं शेत चित्रात का दिसत नाही हे तिथल्या शेतकऱ्याला आकड्यांशिवायच ठाऊक होतं.

प्रश्न मात्र संपला नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत आलेल्या शेतकऱ्यांत मोठा भाग आदिवासींचा होता, आणि रखडलेले वनहक्क ही त्यांची मुख्य मागण्यांतली एक. वर्षभरात, १३ फेब्रुवारी २०१९ ला, सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याबद्दल राज्यांना आदेश दिला आणि भारतीय वन सर्वेक्षणाला उपग्रहाद्वारे पाहणी करून अतिक्रमणांची स्थिती मांडायला सांगितलं. देशभर ओरड झाली. २८ फेब्रुवारीला न्यायालयाने हटवण्याला स्थगिती दिली. दावे फेटाळताना रीत पाळली होती का, हे आधी बघायचं ठरलं.

या सगळ्यात मला उपग्रहावर राग काढायचा नाही. २००८ साली अमेरिकेने लॅंडसॅटचा सगळा साठा फुकट खुला केला. तोवर एकेका चित्राला पैसे मोजावे लागत, आता जव्हारच्या कॉलेजातली मुलगीही १९७० च्या दशकापासूनची आपल्या गावाची चित्रं उतरवून घेऊ शकते. तिला मॅटलॅब विकत घ्यायला नको. ऑक्टेव्ह आहे, पायथॉन आहे, आणि पवईच्या आयआयटीतला फॉसी हा प्रकल्प सायलॅबसारखी फुकट साधनं पसरवायचं काम करतो. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत. चित्र एकाच बाजूकडे होतं तोवर वाद एकतर्फी होता. आता समोरच्याने चित्र ठेवलं तर विचारता येतं: मूळ फाइल कुठली? कोणत्या तारखेची? पिक्सेल केवढा? कोऱ्या पट्ट्यांचं काय केलंत? गणित कोणत्या आकड्यांत केलंत? जेपीजी नको, टिफ द्या.

एप्रिल २०१४ मध्ये युरोपचा सेंटिनेल-१ वर गेला. तो प्रकाशाने बघत नाही, रडारने बघतो, आणि रडारला ढग आडवे येत नाहीत. जुलैतल्या भर पावसात मोखाड्याच्या उतारांवरून परत आलेले त्याचे आकडे मी उघडून पाहिले आहेत. रडारचे स्वतःचे खोडसाळ प्रकार आहेत. उभ्या कड्यांवर ते डोंगराचा माथा पायथ्यावर आणून ठेवतं. तरी लावणीच्या दिवसांत उतारावरचे काही तुकडे आठवड्या-आठवड्याला बदलताना दिसतात, बाजूचा माळ तितका बदलत नाही.

पण ही नोंद २०१४ नंतरची. कायदा विचारतो ते १३ डिसेंबर २००५ बद्दल, ज्या दिवशी त्याचं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं. मंगळवार होता. नागली तोवर कापून, झोडून कणगीत गेलेली असणार, आणि दिवाळीला दीड महिना होत आला असल्याने शेत कसणारी बरीच माणसं भट्ट्यांवर.